शेठच्या घरची लग्नं

आयुष्यात मी एकाही मुलीचं स्थळ जमवलं नाही. पण जालन्याच्या डाळ मिलमध्ये कामाला होते तोवर आमच्या शेठच्या घरी वर्षाला दोन तरी लग्नं लावत आले. शेठना मुलं दोनच. दोघांचे संसार केव्हाच मार्गी लागले होते, थोरल्याची मुलगी शाळेत जायला लागली होती. तरी आमची लग्नं चालूच. हे कसं, ते सांगायचं तर आधी मिल सांगावी लागेल.

तुमच्या वरणातली तूरडाळ शेतातून सरळ कुकरमध्ये येत नाही. तूर आधी चाळतात. मग यंत्रातल्या खरखरीत रोलरवरून नेऊन तिच्या सालाला ओरखडे पाडतात, तेलाचा हात लावून ढीग घालून मुरवतात, गच्चीवर वाळवतात, पाणी शिंपडून पुन्हा मुरवतात, पुन्हा वाळवतात. साल सुटलं की भरडतात. एवढं सगळं होऊनही डाळीत काळा दाणा राहतो, सालासकटचा राहतो, एखादा खडा राहतो. तो वेचायचं काम बायकांचं. लांबच लांब शेड, खाली पोती अंथरलेली, पुढ्यात डाळीचा ढीग, हातात सूप. मी या बायकांची सुपरवायझर. तुरीचा भुसा केसांत, भुवयांत, डब्यातल्या भाकरीवरसुद्धा बसायचा. संध्याकाळी आम्ही सगळ्या एकाच पिवळट रंगाच्या दिसायचो. तेव्हा कुणी जात विचारायला आला असता तर त्याची पंचाईत झाली असती.

मी मूळची वाटूरची, बौद्ध घरातली. वडिलांनी बारावीपर्यंत शिकवलं. आमच्याकडे 'हक्क' हा शब्द लेकराच्या कानावर फार लवकर पडतो. त्यामुळे मिलमध्ये माझं तोंड जरा जास्तच चालायचं. शेठ म्हणायचे, "विमलबाई, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं." मी म्हणायची, "फी कोण देणार होतं, शेठ?"

आता लग्नांकडे येते. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की सरकारी कामगार विमा लागू होतो. थोडी वर्गणी मजुराच्या पगारातून कापायची, त्याच्या चौपटीहून जास्त मालकाने घालायची. बदल्यात मजुराला आणि त्याच्या घरच्यांना दवाखाना, तपासण्या, औषधं, आणि काही महिने वर्गणी भरून झाली की आजारपणातल्या रजेचे थोडे पैसेही. कागदावर झकास. पण दहा म्हणजे दहा. नऊ माणसं असली तर काही नाही. म्हणून आमच्या औद्योगिक वसाहतीत नऊ हा फार आवडता आकडा होता. ज्या मिलमध्ये जावं तिथं नऊच माणसं! आमच्याकडेही यंत्रावरची माणसं, कारकून, ड्रायव्हर आणि मी मिळून बरोबर नऊ. शेडमध्ये बसलेल्या डझनभर बायका कागदावर नव्हत्याच.

मग विमा खात्याचे साहेब तपासणीला आले आणि त्यांनी विचारलं, की या बायका कोण? तर या बायका शेजारपाजारच्या. शेठच्या घरी लग्न आहे, लग्नाची डाळ निवडायला आल्यात. आमच्याकडे खरोखरच तशी रीत आहे. लग्नघरी आळीतल्या बायका जमतात, धान्य निवडतात, गाणी म्हणतात, चहा पिऊन घरी जातात. त्यामुळे साहेबालाही ते खोटं म्हणता यायचं नाही. गेटवरून निरोप आला की आमच्या बायका पदर नीट करायच्या आणि एखादी खरंच गाणं सुरू करायची. एकदा एक साहेब सहा महिन्यांत दुसऱ्यांदा आले. म्हणाले, "अहो, अजून लग्न लागलंच नाही का?" आमची रुक्मिणबाई शांतपणे म्हणाली, "ते मोडलं, साहेब. हे दुसरं हाय." साहेबांनाच वाईट वाटलं. जाताना ते शेठना धीर देऊन गेले.

यावर आम्ही कितीतरी दिवस हसलो. शेठही हसले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मी छातीठोकपणे सांगते. राजस्थानातून त्यांचे आजोबा आले, तीन पिढ्या जालन्यात गेल्या, मराठी आमच्यासारखीच बोलायचे, फक्त चिडले की मधेमधे हिंदी. मजुराच्या घरी आजारपण आलं तर त्यांनी कधी तोंड फिरवलं नाही. "शेठ बघून घेतील" हाच आमचा विमा होता. रुक्मिणबाईच्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन त्यांनीच केलं. म्हणजे पैसे त्यांनी भरले, पण मिलमध्ये सगळे "शेठनी ऑपरेशन केलं" असंच म्हणायचे.

पण शेठनी बघून घेतलं, की सगळ्या मिलला दिसायचं. कुणाला मूळव्याध आहे, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा नवरा पिऊन पडला, सगळं ऑफिसात मोठ्यानं बोललं जायचं. आणि ज्याचं बघून घेतलं, त्याने पुढे मान वर करायची नाही. रुक्मिणबाई दर उन्हाळ्यात शेठच्या घरी पापड लाटायला जायची, फुकट. तिला कुणी बोलावत नव्हतं. पण नाही गेली तर चालेल, असंही कुणी म्हणत नव्हतं.

कौशल्या आमच्यातली सगळ्यात चपळ हाताची. बदनापूरहून रोज यायची. वय तिशीच्या आसपास, दोन मुली, नवरा गवंडीकामावर. त्या वर्षी ती पाळीच्या दिवसांत शेडच्या भिंतीला टेकून बसायला लागली. रक्त फार जायचं. एकदा सूप हातातून गळालं आणि ती तिथंच आडवी झाली. शेठनी लगेच गाडी काढायला लावली. आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे तिला पाठवलं, सोबत ऑफिसातला माणूस दिला. दोन दिवसांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मीही तिथं होते.

"कौशल्या, डॉक्टरसाहेबांशी माझं बोलणं झालं," शेठ म्हणाले. "पिशवी काढून टाकायची. सोमवारी भरती हो. खर्च्याची बिलकुल फिकीर करू नको. कटकट मिटेल, आणि जल्दी कामावर येशील."

कौशल्या खाली बघत उभी राहिली. शेठना वाटलं, ती लाजली. बाहेर आल्यावर ती माझा हात धरून पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेली.

"ताई, मला न्हाई काढायची."

"डॉक्टर काय म्हणले?"

"मला कुठं काय म्हणले? शेठचा माणूस संगं व्हता ना. डॉक्टर त्यालाच सांगून राह्यले व्हते. मी तिथंच बसल्ते, खुर्चीवर. गाठ हाय म्हणले, न्हाई काढली तर कॅन्सर व्हईल म्हणले. माझ्याकडं पाह्यलं बी न्हाई." ती रडत नव्हती, संतापली होती. "तीर्थपुरीला माझी मोठी बहीण हाय. तिची अशीच काढली. तव्हापासून अंग तापतं, हाडं ठणकत्यात, रातच्याला झोप न्हाई. चाळिशी न्हाई आली अन् म्हातारी दिसून राह्यली. मला आधी समजू तर द्या, मला झालंय काय. दुसऱ्या डॉक्टरला दाखवते म्हणलं तर नवरा म्हणतो, शेठ करून राह्यले तर गुमान कर. खर्चा त्यांचा म्हणून अंग बी त्यांचंच का?"

खर्च ज्याचा, डॉक्टर त्याचा. आणि डॉक्टर ज्याचा, निर्णयही त्याचाच. हे मला इतकी वर्षं दिसत होतं, पण असं कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं. तिच्याकडे सरकारी मोफत उपचाराचं कार्ड होतं. पण ते भरती होऊन ऑपरेशन करायचं असलं तर कामाला येतं. नुसतं तपासून घ्यायला, गोळ्या घ्यायला, चार दिवस घरी बसायला त्याचा उपयोग नाही. मी तिला कामगार विम्याचं सांगितलं. कार्ड निघालं की पहिल्या दिवसापासून आपण होऊन जाता येतं, कुणाला विचारावं लागत नाही.

"मंग आपल्याला का न्हाई त्यो?"

"कारण तू इथं लग्नाला आली आहेस."

ती हसली नाही. मीही हसले नाही. आमचा इतक्या वर्षांचा विनोद त्या टाकीमागे एका मिनिटात मेला.

आणि नेमके त्याच शुक्रवारी साहेब आले. मी कुणाला अर्ज केला नव्हता, कुणाला फोन केला नव्हता. नंतर शेठचा बरेच दिवस तसा समज होता, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते. तो नेहमीचा फेरा होता. गेटवरून निरोप आला, बायकांनी पदर सावरले. साहेब नवे होते, पन्नाशीचे, घामाघूम. त्यांनी शेडभर नजर फिरवली आणि योगायोगाने कौशल्यालाच विचारलं, "तुम्ही शेठच्या नात्यातल्या का?"

"न्हाई, साहेब," कौशल्या म्हणाली. "आमी लग्नाला आलेलो न्हाई. लग्नबिग्न काही न्हाई हितं. मी लय दिसांपासून हितंच काम करून राह्यले."

शेडमध्ये सुपांचा आवाज थांबला. शेठ साहेबांच्या मागेच उभे होते. त्यांचा चेहरा एकदम उतरला. साहेब माझ्याकडे वळले. कागदावरच्या नऊ जणांत माझं नाव त्यांनी नुकतंच वाचलं होतं.

"या बाई खरं बोलतात का?"

मी शेठकडे पाहिलं. त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नाही म्हणा, अशी. पगाराची पक्की नोकरी माझी होती, आणि दोन वर्षांत मी निवृत्त होणार होते. मला भीती वाटली नाही असं नाही. पण सोमवार तीन दिवसांवर आला होता.

"खरं बोलतात," मी म्हणाले. मग मी बायकांमध्ये गेले आणि एकेकीच्या खांद्यावर हात ठेवत तिचं नाव सांगत गेले. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. "या सगळ्या इथं कामाला आहेत, साहेब. पाहुणी एकही नाही."

रुक्मिणबाईच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिने तो झटकला. साहेब गेल्यावर ती माझ्यावर तुटून पडली. "तुमी दोघींनी आमच्या पोटावर पाय दिला! माझ्या लेकराला ज्यानं वाचवलं त्याला तुमी खाली मान घालायला लावली!" बाकीच्यांनी माझ्याकडे न बघता सुपं उचलून ठेवली. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

संध्याकाळी कारकुनाने येऊन सांगितलं, उद्यापासून निवडीचं काम बंद. शेठ डाळीचा रंग ओळखून दाणा वेगळा करणारं मशीन आणणार आहेत. मशीनला विमा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटवर गेले तर सगळ्या बायका आलेल्या. कौशल्या होतीच, रुक्मिणबाईही. कुणाला न विचारता आम्ही आत गेलो, पोती अंथरली आणि काल उरलेला ढीग निवडायला बसलो. शेठ तावातावाने आले.

"काम बंद आहे, सांगितलं ना? विमलबाई, मी कधी कुणाला ना म्हणलो? कुणाच्या आजारपणाला पैसे नाही दिले? बताओ ना!"

"नाही कधी म्हणला नाहीत, शेठ," मी म्हणाले. "पण प्रत्येक वेळी विचारावं लागलं. आणि मशीनचं म्हणाल, तर त्याचा पण विमा काढालच तुम्ही. गोदामाचा काढलाय, ट्रकचा काढलाय, पोत्यांचासुद्धा काढलाय. या शेडमध्ये विमा नसलेल्या आम्हीच आहोत."

तेवढ्यात रुक्मिणबाई उठली. मला वाटलं, आता ही माझी धुलाई करणार.

"शेठ, तुमचे उपकार हायेत," ती म्हणाली. "मी न्हाई इसरत. पण दर उन्हाळ्यात तुमच्या घरी मी पापड लाटून राह्यले. ते फिटले का न्हाई, तेवढं एकदा सांगा. म्हंजी मला कळंल कवर लाटायचे."

शेठ तिथंच तागाच्या पोत्यावर बसले. ते तेव्हा जे बोलले तेही मी लिहायला हवं, कारण ते खोटं नव्हतं. डाळीच्या धंद्यात किलोमागे सुटतं ते रुपयांत नाही, पैशांत मोजायचं. बाजूच्या गल्लीतला मिलवाला वर्गणी भरत नाही, तो कमी भावात डाळ देतो. व्यापारी भाव बघतो, तुमच्या बायकांचा विमा बघत नाही. मोठ्या कारखान्याला विम्याच्या कागदपत्रांसाठी माणसं ठेवता येतात, मला महिन्याला कन्सल्टंट गाठावा लागेल. एक तारीख चुकली की दंड. "कायदा करणाऱ्यांनी छोटी मिल कधी पाहिली का?" ते म्हणाले.

"मग बाजूवाल्यालाही भरायला लावा," मी म्हणाले. "आम्ही साक्षीला येतो."

त्यांना ते आवडलं नाही. पण निवड त्या दिवशी चालू राहिली, आणि नंतरही. सोमवारी कौशल्या भरती झाली नाही. शेठनी डॉक्टरला फोन करून तसं कळवलं, आणि मग महिनाभर ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. शेडमधून जाताना दुसरीकडे बघायचे. पण तिला काढलं नाही. नोटीस आली, दोन-चार खेटे झाले, आणि सगळ्यांची नावं विम्यात चढली.

विजय वगैरे झाला म्हणायला मी तयार नाही. पगारातून वर्गणी कापली गेली तेव्हा दोघीजणी भांडून सोडून गेल्या. दिवाळीला प्रत्येकीला डाळीची पिशवी मिळायची, ती बंद झाली. विमाही भरा आणि डाळही द्या, असं होणार नाही, हे शेठनी स्पष्ट सांगितलं. पुढच्या वर्षी ते मशीन आलंच. निम्म्या बायकांचं काम गेलं, विम्यामुळे की मशीन येणारच होतं म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांतल्या एकीची गाठ भाजीबाजारात पडते तेव्हा मला टोचतं. आता कायदे पुन्हा बदललेत म्हणतात, दहाच्या आतल्यांनाही राजीखुशीनं विम्यात येता येईल म्हणतात. राजीखुशी कुणाची, ते मी बघितलंय. तरीही पुन्हा तो शुक्रवार आला तर मी पुन्हा तेच बोलेन.

कार्ड निघाल्यावर कौशल्या आधी जालन्याच्या विमा दवाखान्यात गेली. तिथून तिला संभाजीनगरला पाठवलं. सोबतीला मी गेले. रांग अशी की डबा रांगेतच खाल्ला. एक खिडकी म्हणाली दुसरीकडे जा, दुसरी म्हणाली जेवणाची सुट्टी आहे. एक औषध संपलेलं होतं. हे सगळं होऊन सोनोग्राफी झाली आणि दुपार कलल्यावर आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "घरचं कोण आलंय? निर्णय कोण घेणार?"

"मीच," कौशल्या म्हणाली. "मला सांगा."

बाईंनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची तिच्या बाजूला वळवली. कागदावर चित्र काढलं. पिशवी अशी, गाठ इथं, एवढी. कॅन्सरसारखं काही दिसत नाही. आधी गोळ्या घेऊन बघता येईल, रक्त वाढवायला हवं. नुसती गाठही काढता येते. पिशवी काढणं हा शेवटचा मार्ग, आणि त्याचे त्रास हे असे. कौशल्याने बहिणीचं सांगितलं, एकेक त्रास विचारून घेतला. मी मधे एकदा काहीतरी बोलायला गेले तर तिने हाताने मला थांबवलं. बाई म्हणाल्या, "घाई नाही. गोळ्या सुरू करा, विचार करून पुढच्या वेळी सांगा."

परतीच्या गाडीत ती ते चित्र मांडीवर घेऊन बसली होती. बदनापूर यायच्या आधी माझा फोन वाजला. शेठ. महिनाभर तिच्याशी अबोला धरला होता, तरी त्यांचा आवाज खरोखर काळजीचा होता.

"विमलबाई, काय म्हणले डॉक्टर? गाठच आहे ना? ऑपरेशन सांगितलं का? फोन स्पीकरवर टाका, इथं सगळे विचारून राह्यले."

मी काही बोलायच्या आत कौशल्याने फोन माझ्या हातातून घेतला.

"शेठ, मी कौशल्या. मी बरी हाय, कामावर येते. अन् डॉक्टर काय म्हणले ते माझं माझ्यापाशी राहू द्या."